पेंग्विन धुतले, पण खायला मासे कुठायत?

मा. संपादक,

भायखळ्याच्या पेंग्विनवर आपल्याकडे एवढी भांडणं झाली पण त्यांच्या आफ्रिकन भावंडांबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितोय. जून २००० मध्ये केपटाऊनजवळ ट्रेझर नावाचं जहाज बुडालं, तेल पसरलं आणि १९ हजारांच्या आसपास पेंग्विन तेलात माखले, मग समुद्रपक्षी वाचवणाऱ्या सॅनकॉब संस्थेने आणि हजारो व्हॉलंटियर्सनी एकेक पक्षी हाताने धुतला, मासे भरवले, वर चोचीचे चावे खाल्ले ते वेगळेच! जे माखले नव्हते असे साडेएकोणीस हजार उचलून पोर्ट एलिझाबेथला नेऊन समुद्रात सोडले, ते शेकडो किलोमीटर पोहत घरी येईपर्यंत इकडे साफसफाई उरकली. काय डोकं लावलंय बघा.

एवढं करूनही २०२४ मध्ये हा पक्षी अतिसंकटग्रस्त यादीत गेलाच, कारण त्यांना सार्डिन, अँचोव्ही हे छोटे मासे पुरेसे मिळत नाहीत, त्यात मोठ्या बोटींची जाळी तिथेच पडतात. २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाच्या आदेशाने पेंग्विनच्या सहा वसाहतींभोवती ही मासेमारी १० वर्षं बंद झाली, उशीरच केला म्हणायचा. भायखळ्यात काचेसमोर हे सगळं मराठीत लिहून लावा की, लोक तिकीट काढून येतातच.

- एक वाचक, ठाणे