रस्त्याची डावी कड आधी नीट करा

महोदय,

दसरा उलटला की मुंबईत सायकल काढायचे खरे दिवस येतात. पाऊस ओसरलेला असतो, शिवाजी पार्कच्या गल्ल्यांत पहाटे सप्तपर्णीचा वास भरून राहतो आणि ऑक्टोबरचे ऊन तापायच्या आत दोन तास निवांत मिळतात. आमच्या भागातील सायकल क्लब या दिवसांत दर रविवारी रमतगमत जायची राइड काढतो. शिवाजी पार्कहून सिद्धिविनायक, वरळी सी-फेस, हाजी अली, पेडर रोड, गिरगाव चौपाटी आणि शेवटी नरिमन पॉइंट. शर्यत नाही की वेगाची नोंद नाही. पुढे रस्ता माहीत असलेला एक जण, सर्वांत मागे पंप आणि पंक्चरचे सामान घेतलेला दुसरा. त्याच्या मागे कुणालाही सोडायचे नाही, हा एकच नियम. पेडर रोडच्या चढावर दम लागला तर खुशाल उतरून सायकल ढकलावी; बाकीचे माथ्यावर थांबतात.

त्यामुळेच शाळा सुटल्यापासून सायकलला हात न लावलेल्या गृहिणी आणि निवृत्त मंडळी या राइडला येतात. माझ्या मते शहरात सायकल रुजेल ती यांच्यामुळे. रविवारी पहाटे त्यांना गाड्यांची फारशी भीती वाटत नाही. भीती असते रस्त्याच्या डाव्या कडेची. गटाराच्या जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने उभे बसवलेले असले, की सायकलचे अरुंद चाक नेमके त्या फटीत जाते. माझ्या पुढेच एका ताईंचे चाक असे अडकले. कोपर सोलवटले, हेल्मेटमुळे डोके वाचले; पण त्या पुन्हा आल्या नाहीत. गज आडवे असते तर चाक सहज वरून गेले असते. शिवाय काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांच्यामधली उंच कड, कामानंतर तशीच पडलेली रेती आणि खडी आहेच.

सागरी सेतू आणि कोस्टल रोडवरून सायकल नेता येत नाही. पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बेकायदा ठरवला, आणि तलावाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. म्हणजे आम्हाला उरतात ते नेहमीचेच रस्ते. तेव्हा नव्या ट्रॅकच्या घोषणांपेक्षा आहे त्या रस्त्याची डावीकडची तीन-चार फुटांची पट्टी सपाट आणि झाडलेली हवी.

पावसाळ्यात थांबलेली रस्त्यांची कामे ऑक्टोबरात पुन्हा सुरू होतात. त्याच कामांत गटारांच्या जाळ्या आडव्या गजांच्या बसवाव्यात आणि ठेकेदाराने कडेची रेती उचलल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचे मानू नये, ही महापालिकेला कळकळीची विनंती. आमच्या मार्गावरील धोकादायक जाळ्यांचे फोटो, जवळच्या दिव्याच्या खांबाच्या क्रमांकासह, विभाग कार्यालयात नेऊन द्यायला क्लबचे सदस्य तयार आहेत.

– एक वाचक, दादर (पश्चिम)