लॅबचं जैवसुरक्षा कॅबिनेट आहे, ते चालू ठेवायला हात द्या

सोलापूरकर बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

पूर्व भागातल्या आमच्या धर्मादाय लॅबमध्ये रोज सकाळी थुंकीच्या डब्या येतात. विडी वळणाऱ्या मावशींच्या, लूमवर रात्रपाळी करून थेट इकडे आलेल्यांच्या, अक्कलकोट-मंगळवेढ्याहून एसटीने आलेल्यांच्या. डबीचं झाकण फिरवलं की आत चिकटलेला बेडका ताणला जातो आणि तटकन तुटतो. त्यातून उडणारे थेंब डोळ्यांना दिसत नाहीत. ते सुकून इतके हलके होतात की बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासावाटे टीबीचा जंतू फुप्फुसात नेऊन सोडतात. नमुना ढवळताना, सेंट्रिफ्यूज या यंत्रात वेगाने फिरवताना, कल्चर लावताना म्हणजे जंतू वाढवून पाहताना धोका आणखी वाढतो.

आमच्या एक तंत्रज्ञ ताई पूर्वी दुसरीकडे कामाला होत्या. खिडकी उघडी ठेवायची आणि तोंडाला रुमाल बांधायचा, एवढीच तिथली काळजी. त्यांना टीबी झाला. औषधं सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे दोन वर्षांच्या लेकाला आजीकडे ठेवलं होतं. तो दारातून हाक मारायचा आणि या आतूनच बोलायच्या. सहा महिन्यांचा कोर्स पुरा करून त्या बऱ्या झाल्या. आता त्या आमच्याकडे आहेत; कॅबिनेट चालू असताना पहिली डबी त्याच उघडायच्या.

अशा जंतूंपासून काम करणाऱ्याला वाचवणारं जैवसुरक्षा कॅबिनेट आमच्याकडे आहे. एका दात्याने दिलं, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. दिसायला ते काचेचं कपाट, पण त्याचा सगळा जीव हवेच्या ओढीत. समोरच्या फटीतून हवा आत खेचली जाते, कामाच्या जागेवर वरून गाळलेली हवा उतरते आणि बाहेर पडणारी हवा हेपा फिल्टरमधून जाते. ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण हा फिल्टर ९९.९७ टक्के अडवतो. पण ओढ मंदावली किंवा फिल्टरला बारीकशी चीर गेली, तर दिवा लागतो, मोटारीचा आवाजही येतो, फक्त माणसाचं रक्षण होत नाही. म्हणून दरवर्षी इंजिनिअर बोलावून हवेचा वेग मोजून घ्यावा लागतो, फिल्टर तपासावा लागतो. लूमच्या वस्तीतला तंतू आणि सोलापूरची धूळ, फिल्टर चोंदायला आणखी काय लागतं? मध्येच लाइट गेली तर हातातला नमुना उघड्यावर पडतो, म्हणून बॅटरी बॅकअपही हवा.

आमच्या कॅबिनेटच्या तपासणीची मुदत संपली आहे. ते झाकून ठेवलं आहे आणि त्यात करायची कामं आम्ही बंद केली आहेत. नमुने बाहेर पाठवतो, रुग्ण वाट पाहत बसतो.

आणखी एक सांगायलाच हवं. कॅबिनेटसमोर पंखा लावता येत नाही, वाऱ्याने आतल्या हवेचा पडदा फाटतो. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर असताना गाऊन, दोन हातमोजे आणि एन-९५ मास्क घालून दोन-दोन तास बसणं काय असतं, ते एकदा येऊन पाहा. तिथे ज्याचा झोत कॅबिनेटवर येणार नाही असा एसी बसवणं ही चैन नाही. घामाने मास्क सैल झाला की त्याचा उपयोग संपला.

हे फक्त आमच्या जिवापुरतं नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात एका विषाणूने माकडं मरू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात त्या विषाणूवर काम करणाऱ्या कितीतरी जणांना लॅबमध्येच लागण झाली. लॅबमधली माणसंच आजारी पडली की संशोधनही आडवं होतं. संशोधन नीट चाललं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे २००९ मध्ये जगाला कळलं ते या खेड्यांतल्या बायकांमुळे.

असं काम सोलापुरात टीबीवर का होऊ नये? औषधाला दाद न देणारा टीबी इथेही आहे. बाहेरच्या संस्थांशी आम्ही बोलतो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, "कॅबिनेटचं सर्टिफिकेट कुठल्या तारखेचं?" तिथेच बोलणं थांबतं. मग आपले नमुने बर्फाच्या पेटीतून गाव सोडतात आणि त्यांतून काय निघालं हे डबी देणाऱ्या मावशींपर्यंत पोहोचतच नाही.

नवं यंत्र देणारे दाते मिळतात, यंत्रावर नाव कोरता येतं. फिल्टर, तपासणीची फी, वाफेने जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हचं रबर, कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्या यांवर कोणाचं नाव लागत नाही, आणि नेमकं तिथेच आमचं अडतं. आम्हाला दरमहा २०० रुपये देणारी १५० माणसं हवी आहेत, निदान एक वर्ष. एकरकमी मदत पहिल्या तपासणीला आणि बॅटरीला लावू. वायरिंग, एसीची कामं जाणणाऱ्या कारागिरांनी दोन दिवस दिले तरी मोठी मदत होईल.

रोख किंवा चेक काउंटरवर सकाळी ९ ते १ या वेळेत द्यावा, पावती लगेच मिळेल. जमा-खर्चाचा कागद दर महिन्याच्या ५ तारखेला दारावर लावू, कॅबिनेटची तपासणी झाली की त्याचा अहवालही त्याच्याशेजारी लागेल.

आपले नम्र,
विश्वस्त व लॅबमधील सर्व तंत्रज्ञ, सोलापूर