पान, कान, मान

प्रिय वैशू,

परवा फोनवर तू म्हणालीस ना की अनूला एबीसीडी सगळी येते, कॅट वाचते पण कॉट आलं की अडते, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. अगं तिने कॅट वाचलेलंच नाहीये, ते चित्रासारखं पाठ झालंय. आमच्या चिनूचं सीनियर केजीत डिट्टो हेच होतं.

शाळा सुटल्यावर डेक्कनला बसची वाट बघत उभे असायचो तिथेच मी सुरू केलं, वही-पेन्सिल काही नाही, नुसतं तोंडी. पान म्हण, आता प् काढून क् लाव. कान! म् लाव, मान. हे दोन दिवसात जमलं, पहिला आवाज सगळ्यात सोपा. मग शेवटचा, पानचं पाय, पाट. पण वाटमधला आ काढून ई घाल म्हटलं तर माझ्या तोंडाकडे बघतच बसला, ओठ हलवून बघितले, हळूच दोनदा वाट, वाट म्हणाला आणि एकदम ओरडला, वीट! मला तर तिथेच भरून आलं.

बघ ना, वाट आपण लिहितो दोन अक्षरात पण कानाला आवाज तीन येतात, व् आ ट्. आपल्या अक्षरात स्वर मिसळलेलाच असतो त्यामुळे ते सुटे ऐकायची मुलांना सवय नसते आणि इंग्रजीला नेमकं तेच लागतं. तिथे अक्षरं 26 आणि आवाज साधारण 44, मग सी-ए-टी अशी नावं घोकून कॅट कुठून होणार? क्-ॲ-ट् असंच म्हणायचं. आणि बॅट म्हणताना ब् अगदी तुटक म्हण, बऽ म्हटलंस तर बऽ-ॲ-टऽ होतं आणि पोरांना जोडताच येत नाही.

नंतर मी पाण्याच्या बाटल्यांची झाकणं धुऊन त्यावर मार्करने अक्षरं लिहिली, स्वर लाल. हॅट मांडायचं आणि फक्त लाल झाकण बदलत जायचं, हॉट, हिट, हट. एका वेळी एकच झाकण हे मात्र पक्कं धर, दोन बदलली की मुलं अंदाजाने ठोकून देतात. कॅप आणि कपमध्ये चिनू अजून गडबडतो, ॲ आपल्या मराठीतला मूळचा नाहीच, तिथे आरशासमोर उभं करून तोंड किती उघडतं ते दाखव. डॅटसारखा अर्थ नसलेला शब्द झाला तरी चालेल, उलट बरंच, तो पाठ नसतो, वाचावाच लागतो.

आणि टीचर घरीही इंग्रजीच बोला म्हणाल्या ते मनावर घेऊ नकोस गं. अनूचा कान मराठीत तयार झालाय, तिथूनच सुरू कर. रोज दहा मिनिटं, कंटाळली की थांब.

रविवारी सारसबागेत येताय ना? तिच्यासाठी झाकणांचा एक सेट करून ठेवलाय, घेऊन येते.

तुझी,
मीनल