न मागितलेल्या सुविधांवरचा कर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालकाकडून मिळणाऱ्या सुविधांचे मूल्य नोकरदाराच्या उत्पन्नात धरून त्यावर कर घेण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. तशी तरतूद नसती तर वरिष्ठांचा पगार कागदावर जेमतेम राहिला असता आणि घर, गाडी, क्लबचे सदस्यत्व अशा वाटांनी खरी कमाई करातून निसटली असती. त्याचा भार अखेर केवळ रोख पगारावर जगणाऱ्यांवर पडला असता. माझा आक्षेप वेगळा आहे. जी सुविधा कर्मचाऱ्याने मागितलेली नाही, जी नाकारण्याची सोय त्याला नाही आणि जिचा त्याला उपयोगही नाही, तिच्यावरचा कर त्याच्या खिशातून जावा, हे न्यायाला धरून नाही.

बढती मिळालेल्या अधिकाऱ्याला पदाबरोबर कंपनीची गाडी मिळते. त्याची स्वतःची गाडी असते, किंवा रेल्वेने जाणे त्याला सोयीचे असते, म्हणून कंपनीची गाडी बहुतेक वेळ आवारातच उभी राहते. तरीही नियमाने ठरलेले तिचे मूल्य दरमहा करपात्र उत्पन्नात मिळवले जाते आणि त्यावरचा कर पगारातून कापला जातो. पगारपत्रकात उत्पन्न वाढलेले दिसते. हातात पडणारी रक्कम मात्र त्या कराएवढी कमी झालेली असते. ब्रिटनमध्ये तर गाडी खासगी वापरासाठी उपलब्ध असणे एवढेच करासाठी पुरेसे मानले जाते. प्रत्येक फेरीचा हिशेब ठेवणे कुणालाच परवडणारे नाही, त्यामुळे असा ढोबळ नियम करावा लागतो, हे मी समजू शकतो. पण नियम ढोबळ ठेवायचा असेल, तर गाडी नाकारण्याचा मार्ग तरी मोकळा हवा.

न्यायालयांपुढे हा प्रश्न फार पूर्वीच आला होता. बँकेच्या इमारतीतच राहण्याची सक्ती असलेल्या एका अधिकाऱ्याच्या बाबतीत, टेनंट विरुद्ध स्मिथ या खटल्यात, ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, १८९२ मध्ये असा निर्णय दिला की, ज्या निवासाचे तो पैशांत रूपांतर करू शकत नाही, ते त्याचे करपात्र उत्पन्न ठरत नाही. पुढे विल्किन्स विरुद्ध रॉजरसन या खटल्यात नाताळची भेट म्हणून कंपनीने दिलेल्या सुटाचा प्रश्न आला. सुटाची किंमत १४ पौंड १५ शिलिंग होती, पण कर्मचाऱ्याने तो विकला असता तर त्याला सुमारे ५ पौंडच मिळाले असते, म्हणून कर त्या ५ पौंडांवरच धरला गेला. कर्मचाऱ्याच्या पदरात प्रत्यक्ष काय पडले, हे पाहणारी ही दृष्टी मला आजही योग्य वाटते. नंतर ब्रिटनच्याच कायद्याने बहुतेक सुविधांसाठी मालकाला आलेला खर्च हा आधार मानला, आणि घेणाऱ्याला ती वस्तू हवी होती की नाही हा मुद्दाच मागे पडला.

कर मालकाकडून वसूल करणे अव्यवहार्य आहे, असे म्हणता येणार नाही. ऑस्ट्रेलियात १९८६ पासून सुविधांवरचा कर मालक भरतो. आपल्याकडेही २००५ मध्ये फ्रिंज बेनिफिट टॅक्स, म्हणजे पगाराव्यतिरिक्तच्या सुविधांवरचा कर, मालकांवरच लावला होता. तो २००९ मध्ये रद्द झाला आणि अनेक सुविधांचा बोजा पुन्हा कर्मचाऱ्यांकडे आला.

म्हणून आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक कर्मचाऱ्याला नको असलेली सुविधा लेखी नाकारता यावी, आणि नाकारल्यानंतर तिचे मूल्य त्याच्या उत्पन्नात धरले जाऊ नये. असे लिहून देऊन लोक मागच्या दाराने सुविधा वापरतील, अशी शंका घेतली जाईल. पण गाडीची किल्ली परत घेतली, क्लबचे कार्ड बंद केले की तो प्रश्न उरत नाही. कामाच्या गरजेपोटी मालकाला ती सुविधा द्यावीच लागत असेल आणि त्यामुळे नकार स्वीकारता येत नसेल, तर तिच्यावरचा कर मालकाने भरावा, आणि तो भरलेला कर पुन्हा कर्मचाऱ्याचे उत्पन्न म्हणून मोजला जाणार नाही, अशी स्पष्ट तरतूद कायद्यातच असावी.

आपला नम्र,
एक नोकरदार वाचक