जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका मराठीतही हवी: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: बारावी जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक व प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठीतही मिळण्याबाबत

महोदय,

पूर्व विदर्भातील धानपट्ट्यात, तालुक्याच्या एका गावी मी गेली अठरा वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. आमच्या वर्गातील बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात, त्यांतील बऱ्याच जणांच्या घरी दहावीच्या पुढे गेलेले तेच पहिले असते आणि जून उलटला की सकाळी रोवणी करून दुपारच्या प्रात्यक्षिकाला येणारीही त्यांत असतात. ही मुले बारावीच्या जीवशास्त्राचा अभ्यास कसा करतात, हे आपल्यापर्यंत निकालाच्या टक्केवारीतून पोहोचत नसावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या सराव परीक्षेत तीन गुणांचा एक प्रश्न बाष्पोच्छ्वासावर होता. आपल्या पुस्तकात आणि सर्व अपेक्षित प्रश्नसंचांत ‘ट्रान्स्पिरेशन इज अ नेसेसरी इव्हिल’ (पानांतून पाणी जाणे हे वाईट, पण टाळता न येणारे) हे वाक्य वर्षानुवर्षे ठाण मांडून बसले आहे आणि त्याचे स्पष्टीकरण मुलांनी द्यायचे असते. एका विद्यार्थिनीने उत्तरात तेच वाक्य शब्दांची अदलाबदल करून तीनदा लिहिले होते. मी तिला एक गुण दिला, त्याहून अधिक देणे शक्यच नव्हते. नंतर तिला बोलावून मी मराठीत विचारले की, रोवणी झाल्यावर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, दोन-चार दिवस भर दुपारी माना का टाकतात, पायाशी पाणी तर साचलेलेच असते. तिने क्षणभरही न थांबता सांगितले की, उपटताना मुळे तुटतात, त्यामुळे त्यांना पाणी ओढता येत नाही, पानांतून मात्र पाणी जातच राहते आणि नवी मुळे फुटली की रोप पुन्हा उभे राहते. मग पान आपली छिद्रे मिटून का घेत नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली की, छिद्रे मिटली तर अन्न बनवायला लागणारी हवा आत येणार कुठून. प्रश्नाला जे उत्तर अपेक्षित होते ते याहून वेगळे नव्हते. ‘इव्हिल’ या शब्दाचा अर्थ मात्र तिला ठाऊक नव्हता आणि तो मी वर्गात सांगितला नव्हता, हेही इथे कबूल केले पाहिजे.

हे एका मुलीपुरते असते तर मंत्रालयापर्यंत पत्र पाठवण्याचे कारण नव्हते. बालभारतीचे दहावीचे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ मराठीत आहे आणि ते चांगले आहे. आनुवंशिकता व उत्क्रांती, सजीवांतील जीवनप्रक्रिया, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान हे विषय मुले त्यात मराठीतून शिकतात, प्रतिलेखन आणि भाषांतरण या क्रिया समजून घेतात, कुक्षी, कुक्षीवृंत आणि परागकोश यांची नावे आकृतीत स्वतःच्या हाताने लिहितात. त्यानंतर अवघ्या एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ही सारी शब्दसंपत्ती निरुपयोगी ठरते. बारावीचे जीवशास्त्राचे पुस्तक पंधरा प्रकरणांचे आहे, ते २०२० साली आले आणि ते इंग्रजीत आहे. प्रश्नपत्रिकाही इंग्रजीत छापली जाते. दहावीत ज्याला ‘कुक्षी’ माहीत होती, त्याला बारावीत ‘स्टिग्मा’ हा नवाच अवयव वाटतो, आणि हे मी विनोदाने लिहीत नाही. दर वर्षी कुणीतरी मला विचारते की, सर, दहावीतली कुक्षी यात कुठे असते.

वर्गात प्रत्यक्षात काय घडते, तेही स्पष्टपणे सांगतो. आम्ही शिक्षक शिकवतो मराठीतच. ‘मायोसिसमध्ये क्रोमोसोमची संख्या निम्मी होते’ हे आमचे वाक्य आहे, त्यातल्या संज्ञा इंग्रजी आणि बाकी सारे मराठी, आणि ते मुलांना चांगले समजते. महाविद्यालयाच्या कागदपत्रांत माध्यम इंग्रजी असे नोंदलेले असते, फळ्यावर मुद्दे इंग्रजीत लिहिले जातात आणि समजावणे मराठीत चालते. अडचण येते ती घरी पुस्तक उघडल्यावर. वर्गात समजलेली गोष्ट पानावरच्या वाक्यात ओळखू येत नाही, मग मूल समजलेले बाजूला ठेवते आणि पान पाठ करू लागते. बारावीच्या अभ्यासातील ज्या घोकंपट्टीबद्दल आपण सगळे हळहळतो, तिचा फार मोठा भाग आळसातून किंवा वाईट शिकवण्यातून आलेला नसून भाषेच्या या फटीतून आलेला आहे, असे माझे इतक्या वर्षांनंतरचे मत आहे.

मंडळाच्या लेखी परीक्षेचे ७० गुण कुठे जातात, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कुणालाही विचारावे. बहुपर्यायी प्रश्नांचे १० आणि एका वाक्यात उत्तरे लिहिण्याचे ८ गुण ही मुले बऱ्यापैकी मिळवतात, कारण तिथे ओळखण्याचे काम असते. दोन गुणांच्या विभागातही निभावतात. खरी गळती तीन आणि चार गुणांच्या प्रश्नांत होते, जिथे कारण सांगायचे असते, फरक स्पष्ट करायचा असतो, एका क्रियेतून दुसरी कशी घडते ते जोडून दाखवायचे असते. आकृत्यांचे तर नवल वाटावे. आमची मुले आकृती सुरेख काढतात, सपुष्प वनस्पतीच्या भ्रूणकोशात सात पेशी आणि आठ केंद्रके अगदी जागच्या जागी दाखवतात, आणि गुण घालवतात ते नावांच्या वर्तनीत. त्या भ्रूणकोशातील ‘सिनर्जिड’ या पेशीच्या नावाची इंग्रजीतील जितकी रूपे मी पाहिली आहेत, तितकी कोणत्याही कोशात सापडणार नाहीत.

सिकलसेलचे उदाहरण मला सर्वांत जास्त टोचते. आमच्या भागात हा आजार पुस्तकातला नाही. वर्गात दर वर्षी एक-दोन वाहक असतातच, काहींच्या घरी आजारी भावंड असते, आरोग्य विभागाच्या तपासणीचे कार्ड कपाटात जपून ठेवलेले असते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्य आजारी असण्याची शक्यता २५ टक्के आणि वाहक असण्याची ५० टक्के, हे गणित या मुलांनी मेंडेलचे नाव ऐकण्यापूर्वी आशाताईंकडून ऐकलेले असते. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा विषय त्यांनी मराठीतून वाचलेला असतो. बारावीत हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि तेवढ्या एका बदलाने तांबड्या पेशीचा आकार, रक्तप्रवाह, सांधे, प्लीहा असे सगळे कसे बिघडते ते येते. एकच जनुक अनेक लक्षणांवर कसा परिणाम करते, याचे यापेक्षा ओळखीचे उदाहरण या मुलांना जगात दुसरे मिळणार नाही. तरीही परीक्षेत याचीच, म्हणजे ‘प्लायोट्रॉपी’ची व्याख्या विचारली की पाठ केलेल्या वाक्यातला एखादा शब्द निसटतो आणि व्याख्येचा अर्थ उलटा होतो. भावाला दर काही महिन्यांनी दवाखान्यात नेणाऱ्या मुलाने हा प्रश्न सोडून दिल्याचे मी पाहिले आहे. असे उत्तर मराठीत लिही, असे मी त्याला सांगू शकलो नाही, कारण ते तपासले जाईल याची हमी देणारा एकही कागद माझ्या हाती नव्हता.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू पाहा. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ ही राष्ट्रीय परीक्षा तेरा भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे. तिच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे असतात. आपल्याच राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी शाखांच्या प्रवेशासाठी जी एमएचटी-सीईटी घेतो, तिच्यातही जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी, मराठी आणि उर्दूत असते. म्हणजे ज्या परीक्षांच्या गुणांवर पुढचा प्रवेश ठरतो, त्या मराठीतून देता येतात, आणि ज्या बारावीच्या अभ्यासावर त्या परीक्षा उभ्या आहेत, त्या अभ्यासाचे पुस्तक तेवढे मराठीत नाही. याचा परिणाम असा की, मराठीचा पर्याय अर्जावर असूनही आमची मुले तो निवडत नाहीत. दोन वर्षे ज्या संज्ञा डोळ्यांनी पाहिल्याच नाहीत, त्या ऐन परीक्षेत समोर आल्या तर गोंधळच होणार, हे त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. मग मराठीतून परीक्षा द्यायला कुणी तयारच नसते, असा निष्कर्ष काढला जातो.

इतर राज्यांनी हे केव्हाच केले आहे. गुजरातमध्ये बारावी विज्ञानाची पुस्तके गुजरातीत आहेत, तमिळनाडूत तमिळमध्ये आहेत, एनसीईआरटीचे जीवशास्त्र हिंदीत उपलब्ध आहे आणि सीबीएसईची बारावीची जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत शेजारी-शेजारी छापलेली असते. आपल्याकडे कला आणि वाणिज्य शाखांची बारावीची पुस्तके बालभारती मराठीत काढतेच, अगदी पुस्तपालन आणि लेखाकर्मसुद्धा. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये विज्ञान आणि गणितासाठी दर्जेदार द्विभाषिक पाठ्यपुस्तके तयार करावीत, म्हणजे विद्यार्थी या विषयांत घरच्या भाषेतून आणि इंग्रजीतूनही विचार करू शकतील, असे म्हटले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या महाविद्यालयातही आम्ही आनंद साजरा केला. त्याच दिवशी दुपारी मी वर्गात ‘प्लांट वॉटर रिलेशन’ हे प्रकरण इंग्रजी पुस्तकातून शिकवत होतो.

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप मी स्टाफरूममध्ये रोज ऐकतो. पुढे वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतच आहे, मग आत्तापासून सवय का नको, हा पहिला. त्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच मी इंग्रजी काढून टाका असे म्हणत नाही. पण सवय लागण्यासाठी दोन्ही मजकूर शेजारी दिसावे लागतात. एकच भाषा समोर टाकून दुसरी विसरायला लावणे म्हणजे सवय नव्हे. शिवाय बारावी विज्ञान करणाऱ्या मुलांपैकी डॉक्टर होणारे मूठभर असतात, बाकीच्यांना परिचारिका, कृषी सहायक, शिक्षक, शेतकरी म्हणून हेच जीवशास्त्र मराठीत लोकांना समजावून सांगायचे आहे. दुसरा आक्षेप मराठी संज्ञा बोजड असल्याचा. तोही काही अंशी खरा आहे. ‘अर्धगुणसूत्री विभाजन’ लिहायला ‘मायोसिस’पेक्षा वेळ लागतो, आणि ज्यांना मायोसिस सोयीचे वाटते त्यांनी देवनागरीत मायोसिस लिहावे, त्याला माझी अजिबात हरकत नाही. वाक्य मराठी असावे, संज्ञा कोणतीही चालेल. शुद्धतेच्या आग्रहापायी ही मागणी मागे पडू नये, एवढीच मला काळजी आहे.

भाषांतर सदोष असेल तर काय, ही शंका मात्र गंभीरपणे घेतली पाहिजे. प्रवेश परीक्षांच्या मराठी प्रश्नांत काही वेळा अशी वाक्ये वाचली आहेत की, इंग्रजी पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ लागू नये. यावर ‘नीट’मध्ये जो नियम आहे तो मंडळालाही स्वीकारता येईल: भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानावा. परंतु भाषांतराचे काम विषय शिकवणाऱ्या शिक्षकांकडून करून घेतले, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि नववी-दहावीच्या पुस्तकांतील संज्ञा आधाराला घेतल्या, तर असे प्रसंग फार येणार नाहीत. आपल्या नऊ विभागीय मंडळांत हे काम मनापासून करणारे शिक्षक आहेत, त्यांना कधी कुणी विचारलेले नाही.

म्हणून माझी विनंती आहे की, पुढच्या छपाईपासून बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकाच्या शेवटी प्रकरणनिहाय मराठी शब्दसूची जोडावी, ज्यासाठी फार तर वीस-पंचवीस पाने वाढतील. पाठोपाठ प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत छापावी. आणि उत्तर इंग्रजी, मराठी किंवा दोन्हींच्या मिश्रणात लिहिले तरी ते सारख्याच निकषाने तपासले जाईल, असे परिपत्रक मंडळाने काढून नियामकांना द्यायच्या आदर्श उत्तरपत्रिकेतही मराठी संज्ञा द्याव्यात. पूर्ण द्विभाषिक पाठ्यपुस्तकाला वेळ लागेल हे मान्य आहे. नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके तयार होतील तेव्हा ते व्हावे, मात्र तो निर्णय पुस्तक लिहायला घेण्यापूर्वी व्हावा, लिहून झाल्यावर नव्हे.

शब्दसूचीच्या कामासाठी मी माझ्या वर्गातील मुलांसोबत पहिल्या सात प्रकरणांतील संज्ञा एका वहीत जमवल्या आहेत. ‘प्लांट वॉटर रिलेशन’च्या पानावरचे बहुतेक शब्द वर उल्लेख केलेल्या विद्यार्थिनीने लिहिले आहेत. मंडळाला किंवा बालभारतीला ती वही उपयोगी वाटल्यास तिची प्रत पाठवण्याची माझी तयारी आहे. पुढील शैक्षणिक वर्षाच्या पुस्तकांची छपाई सुरू होण्याआधी निदान शब्दसूचीबाबतचा निर्णय कळावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
पूर्व विदर्भातील एक जीवशास्त्र शिक्षक