विषय: सँटोरिनीची ब्रुअरी-वायनरी टूर, जी झालीच नाही

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर,
पुणे ऑफिस

नमस्कार,

हे माझं दुसरं पत्र. पहिल्याला तुम्ही दोन ओळींचं उत्तर पाठवलं, की "अटींमधल्या कलमानुसार कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे आहे", आणि खाली पुढच्या टूरसाठी दोन हजाराचं कूपन. कूपन नकोय मला. काय झालं ते नीट लिहितो, यावेळी कुणीतरी शेवटपर्यंत वाचा एवढीच विनंती.

मी दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार. ग्रीसच्या टूरमध्ये अथेन्स वगैरे सगळं ठीक होतं, पण मी पैसे भरले ते सँटोरिनी बेटासाठी. तुमच्या ब्रोशरमध्ये लिहिलेलं, क्राफ्ट ब्रुअरी (बिअरचा छोटा कारखाना) दोन तास, पारंपरिक वायनरी आणि द्राक्षबाग दोन तास, माणशी 95 युरो वेगळे. आम्ही दोघं, म्हणजे 190. ऑगस्टची तारीख पण मुद्दाम घेतली, कारण तेव्हा आमच्याकडे पावसाळा, ऑक्टोबर छाटणीला अजून वेळ असतो आणि तिकडे नेमकी काढणी चालू असते. बुकिंगच्या वेळी तुमच्या ऑफिसातल्या मुलीला फोनवर हे सगळं सांगितलं होतं, ती म्हणाली "हो सर, एकदम परफेक्ट सीझन आहे".

आदल्या दिवशी अथेन्सच्या पिरेअस बंदराहून येणारी बोट वाऱ्यामुळे दोन तास लेट झाली त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, वारा काय तुमच्या हातात नाही. पण दुसऱ्या दिवशी फिराला, म्हणजे बेटावरच्या मुख्य गावात, "एक तास शॉपिंग" म्हणून उतरवलं आणि अडीच तास बस हललीच नाही कारण चार जणांचं दागिन्यांच्या दुकानात बिल व्हायचं होतं, ते कुणाच्या हातात होतं?

मेसा गोनिया गावात ब्रुअरीपाशी पोचलो तेव्हा ते लोक आवरायला लागलेले. तीच ती गाढवाच्या चित्राची बिअर, यलो डाँकी, रेड डाँकी अशी नावं आहेत. तिथल्या माणसाची चूक नाही, त्याने बिचाऱ्याने तरी सगळ्यांना अर्धा अर्धा ग्लास ओतून दिला. पण टाक्या लांबूनच बघितल्या. मला विचारायचं होतं की नदी नाही, पाऊस जेमतेम, समुद्राचं पाणी गोडं करून वापरणाऱ्या बेटावर बिअरला पाणी कसं पुरवता, माल्ट-हॉप्स बोटीने आणून परवडतं का. तर टूर मॅनेजर दारात उभा राहून टाळ्या वाजवतोय, "चला चला, सनसेट!" पंधरा मिनिटं. दोन तासांची पंधरा मिनिटं, आणि गाढव कोण ठरलं ते सांगायला नको.

आता वायनरी. तुम्ही जिथे नेलं ती वायनरी नव्हती, ते दुकान होतं. रस्त्याकडेचं, एसीवालं, फ्रिज मॅग्नेट आणि ऑलिव्हच्या साबणाचं, एका कोपऱ्यात काउंटर आणि प्लास्टिकच्या कपात तीन घोट. मी काउंटरवाल्याला विचारलं कॅनावा कुठाय, तो हसला आणि म्हणाला वाईन इथे बनत नाही. तुमच्या ब्रोशर लिहिणाऱ्याला बहुतेक माहीत नसेल म्हणून सांगतो, कॅनावा म्हणजे तिथल्या ज्वालामुखीच्या राखेच्या थरात कोरलेली जुनी वायनरी, आत द्राक्षं पायाने तुडवायचा हौद असतो त्याला पातितिरी म्हणतात. पारंपरिक वायनरी म्हणजे हे. विनसांतो मागितली तर आठ युरो एक्स्ट्रा. ही तिथली गोड वाईन, असिर्तिको वगैरे द्राक्षं बारा-चौदा दिवस उन्हात वाळवून, म्हणजे जवळपास बेदाण्याच्या वाटेला लावून मग करतात आणि किमान दोन वर्षं लाकडी पिंपात ठेवतात. 95 युरोत ती नाही बसली?

आणि बाग? बाग बसच्या काचेतून. मी टूर मॅनेजरला म्हटलं दहा मिनिटं थांबवा, तर तो म्हणाला "काका, वाईन काय नाशिकला पण मिळते की!" बस हसली. मागून कुणीतरी "काकांना क्वार्टर द्या रे" पण म्हणालं. बायको शेजारी बसलेली, तिला काय वाटलं असेल ते सोडा.

अहो मला प्यायचं नव्हतं, बघायचं होतं. एका वळणावर समोरून दुसरी बस आली, दोन्ही अडकल्या, तेव्हा मी ड्रायव्हरला खुणावून खाली उतरलो, चारेक मिनिटं मिळाली. आमच्याकडे वेल वाय पद्धतीने तारेवर चढवतो, ओलांडे म्हणजे आडव्या फांद्या करतो, डॉगरिज जातीच्या वेलाच्या खुंटावर कलम, खाली ठिबक. तिथे तार नाही, खांब नाही, ठिबक नाही. वेलाच्या काड्या जमिनीवरच गोल गोल विणून टोपली केलेली, कुलुरा म्हणतात, आणि घड त्या टोपलीच्या आत, वाऱ्यापासून लपलेले. मी गुडघ्यावर बसून आत हात घातला तर बाहेर शर्ट फडफडतोय आणि आत हवा एकदम शांत. मातीत पांढरे दगड, पाय घासायच्या वज्रीसारखे हलके, रात्री समुद्रावरून येणारं धुकं तेच शोषून धरतात, त्याच्यावर वेल जगतो. चिकणमाती जवळजवळ नाही म्हणून फिलॉक्झेरा ही वेलाची मुळं खाणारी कीड टिकत नाही, त्यामुळे कलमाची गरजच नाही, वेल स्वतःच्याच मुळावर. खोड म्हातारं झालं की वरून कापतात आणि त्याच जुन्या मुळावर पुन्हा नवीन वेल धरतात. हे सगळं मी घरी वाचून गेलेलो, विचारायला वहीत अकरा प्रश्न लिहून नेलेले. एकही विचारता आला नाही, हॉर्न वाजायला लागला.

आणि ज्या सनसेटसाठी हे सगळं उरकलं तो ओइया गावात आम्ही पुढच्या माणसांच्या मोबाईलमध्ये बघितला, इतकी गर्दी.

तर तुमच्या अटींमधल्या त्या कलमाचं बोलू. बदल म्हणजे वेळ मागेपुढे करणं, वायनरीच्या जागी साबणाचं दुकान दाखवणं याला बदल म्हणत नाहीत. माझं म्हणणं, 190 युरो त्या दिवशी तुम्ही लावलेल्या रेटने रुपयात परत करा आणि ब्रोशरमधून "द्राक्षबाग" हा शब्द काढा, नाहीतर खरंच बागेत न्या. बुकिंगच्या पावत्या, ब्रोशर आणि त्या दुकानाचा फोटो सोबत जोडलाय. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवणार आणि मग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात केस करता येते, त्यासाठी पुण्याला खेपा घालायची गरज नाही मला.

एक करा मात्र, उत्तर ऑक्टोबरच्या आत द्या. छाटणी सुरू झाली की मी फोन उचलत नाही.

आपला,
दिंडोरीचा तो "क्वार्टरवाला काका"
(खरं नाव आणि बुकिंग नंबर पावतीवर आहे)