रिगी गाडीने चढा, पण पायी उतरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील स्वित्झर्लंडविषयीच्या लेखात रिगी हा डोंगर ‘दोन तासांत आटोपणारा’ असल्याचे म्हटले आहे. गाडीने वर जायचे, फोटो काढायचे आणि त्याच गाडीने खाली यायचे, तर दोन तास पुरतातच. मुंबईहून जाणाऱ्या पॅकेज टूर सहसा एवढेच दाखवतात. पण रिगीवर पाहण्यासारखे जे आहे ते दोन स्टेशनांच्या मधल्या वाटांवर आहे, आणि त्यातली निदान एक वाट आपल्याकडच्या साठीच्या माणसालाही झेपते.

रिगी म्हणजे आल्प्सचा उंबरठा. लुसर्न, त्सुग आणि लाउअर्त्स या तीन तलावांच्या मधोमध तो सुटा उभा आहे, म्हणून वरून चहूकडे नजर जाते. सर्वांत उंच टोक कुल्म, १७९८ मीटर. आपले कळसूबाई १६४६. आकडे ऐकून कुणी त्याला टेकडी म्हणेल. मात्र पायथ्याचा लुसर्न तलाव ४३४ मीटरवर आहे, म्हणजे काठावरच्या वेगिस गावातून चालत निघालात तर सुमारे १३६० मीटरची सलग चढण. नेहमी ट्रेक करणाऱ्यांनीच ती करावी. वाटेतल्या काल्टबाड स्टेशनापर्यंतचा पहिला हजार मीटरचा टप्पाच तीन तासांच्या आसपास घेतो. वाटेत फेल्सनटोर म्हणजे प्रचंड शिळांची नैसर्गिक कमान लागते, तेवढ्यासाठीही ही वाट करावी असे आमचे मत.

बाकीच्यांनी गाडीने चढावे. लुसर्न तलावाकाठच्या विट्झनाऊहून निघणारी दातेरी रुळांची गाडी १८७१ साली सुरू झाली. युरोपातली ही पहिली दातेरी पर्वतीय रेल्वे. निक्लाउस रिगेनबाख या इंजिनीअरने दोन रुळांच्या मध्ये शिडीसारखा तिसरा रूळ बसवला आणि इंजिनाखालचे दातेरी चाक त्या शिडीत अडकवले. आपल्या निलगिरीच्या दातेरी गाडीचा सर्वांत तीव्र चढ १२ला १ (१२ मीटर अंतराला १ मीटर) आहे, इथला ४ला १. आपली माथेरानची राणी दात्यांशिवाय चढते, त्यासाठी तिला किती वळसे घ्यावे लागतात ते नेरळहून गेलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. डोंगराच्या दुसऱ्या बाजूने, आर्ट-गोल्डाउहून येणारी गाडी १८७५ची. दोन्ही गाड्या कुल्मला शेजारी-शेजारीच उभ्या असतात आणि घोटाळा इथेच होतो. बोट पकडायला विट्झनाऊला जायचे असते आणि माणसे समोर दिसली त्या गाडीत चढून गोल्डाउला, म्हणजे डोंगराच्या पार पलीकडे उतरतात. डब्यावरची पाटी वाचा, रंगावर जाऊ नका.

आता उतरायची वाट. कुल्म, श्टाफेल, श्टाफेलहोए, केंट्झेली, काल्टबाड असा क्रम. उतार सव्वातीनशे मीटरच्या आसपास, चालण्याचा वेळ सव्वा ते दीड तास. केंट्झेलीचा कठडा चुकवू नये; तिथून तलाव थेट पायांखाली येतो आणि समोर पिलाटुस डोंगर. काल्टबाडहून केबल कारने वेगिसला उतरता येते. तिचे खालचे स्टेशन मात्र बोटीच्या धक्क्यावर नाही, गावाच्या वरच्या अंगाला आहे. धक्क्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटांची उतरण धरूनच बोटीचा हिशेब करावा. वसंतात आणि शरदात देखभालीसाठी केबल कार काही दिवस बंद ठेवतात, तेही आधी पाहावे.

गुडघे कुरकुरत असतील किंवा सोबत बाबागाडी असेल तर काल्टबाड ते शायडेग ही वाट घ्यावी. इथे १९३१पर्यंत एक छोटी रेल्वे धावत होती. रूळ गेले, सपाट वाट उरली. पावणेसात किलोमीटर, मध्ये एक पूल आणि एक छोटा बोगदा. वेळ दोन तास. उंची जवळपास कळसूबाईच्या शिखराएवढी आणि चढ नावालाच, असा योग सह्याद्रीत कुठून यायचा!

वाटा दाखवणाऱ्या पिवळ्या पाट्यांवरचे वेळ मुंबईकरांना फसवतात. त्यात निव्वळ चालणे धरलेले असते, तेही सपाटीवर ताशी चार किलोमीटरहून थोड्या जास्त वेगाने. डबा उघडणे, फोटो, मागे राहिलेल्या काकूंची वाट पाहणे यातले काहीच त्यात नाही. दीडपट धरा आणि शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच लिहून घ्या. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की डोंगरवाट: पाय घट्ट हवा, उंचीची भीती नको. पांढरा-निळा-पांढरा असेल तर परत फिरा. याच डोंगररांगेच्या पूर्व टोकाला होखफ्लू हे शिखर आहे, सुमारे १७०० मीटर. तिथे शिड्या आणि साखळ्या आहेत. ‘रिगीच तर आहे’ म्हणून तिकडे वळू नये.

पाय घसरतात त्याला कारण दगड. आपला बेसाल्ट कोरडा असला की तळवा धरून ठेवतो. रिगी नागेलफ्लू नावाच्या दगडाचा आहे: नदीने गोल केलेले गोटे चिखल-वाळूत थिजलेले, अगदी खडी दिसणाऱ्या जुन्या काँक्रीटसारखे. एखादा गोटा निखळला की मागे वाटीसारखा खळगा राहतो आणि तोच गोटा सुटून वाटेवर पडलेला असतो. त्यावर पाऊस किंवा ओले पान पडले की संपलेच. रबरी तळव्याचे, खाचा न झिजलेले बूट हवेत. कोपऱ्यावरच्या दुकानातले गुळगुळीत स्पोर्ट्स शूज नकोत.

कुरणांतून वाट जाते तिथे विजेच्या तारेचे कुंपण असते. मुठीचा हूक काढायचा, पलीकडे जायचे आणि आठवणीने परत लावायचा. वासराला हात लावायचा मोह आपल्या लोकांना आवरत नाही. तो आवरावा, कारण वासरू सोबत असलेली गाय अंगावर येते.

वर तलावकाठापेक्षा आठेक अंश थंडी जास्त असते, म्हणून जूनमध्येही विंडचीटर न्यावा. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, तेव्हा चालणे सकाळी उरकावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र उलटे: लुसर्नवर राखाडी धुके पाहून लोक बेत रद्द करतात, आणि त्याच वेळी कुल्मवर लख्ख ऊन असते, खाली ढगांचा समुद्र. हॉटेलच्या खिडकीतून अंदाज बांधू नये, मोबाइलवर कुल्मचा वेबकॅम उघडून पाहावा.

आपले,
दादरमधील काही डोंगरभटके, मुंबई